घरच्या पेढीतून बाहेर पडताना घेतलेली सल्लासेवा: कागदांसाठी उत्तम, करिअरसाठी जेमतेम

पुण्यात बुधवार पेठेत तपकीर गल्लीच्या परिसरात आमचे विद्युत साहित्याचे दुकान आहे. आजोबांनी सुरू केलेल्या या पेढीत वडील, धाकटे काका, चुलत भाऊ आणि मी असे चौघे भागीदार होतो. ती भागीदारी सोडून मी चाकणच्या एका कारखान्यात, वाहनांच्या सुट्या भागांच्या मटेरियल प्लॅनिंग विभागात नोकरी धरली. हे स्थित्यंतर नीट व्हावे म्हणून कर्वे रस्त्यावरील एका छोट्या सल्लागार कार्यालयाची मदत घेतली, त्या सेवेचे हे परीक्षण आहे. एक चार्टर्ड अकाउंटंट बाई आणि करिअर समुपदेशन करणारे त्यांचे सहकारी असे दोघे मिळून हे कार्यालय चालवतात. त्यांचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण पुढे काही तक्रारी आहेत, आणि बाजार इतका लहान आहे की त्यांच्या नावावरून आमचे घरही ओळखले जाईल.

सेवा दोन भागांत दिली जाते. पहिल्या भागात पेढीतून कायदेशीररीत्या बाहेर पडण्याची सर्व कागदपत्रे येतात आणि त्याची फी १८ हजार रुपये होती. दुसऱ्या भागात कलचाचणी, समुपदेशन आणि नोकरीच्या अर्जाची तयारी येते, त्याचे १२ हजार. दोन्हींवर १८ टक्के जीएसटी वेगळा. कार्यालय गरवारे महाविद्यालयाच्या मेट्रो स्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. गाडी नेण्याचा विचारही करू नये.

पहिल्या भेटीत मॅडमनी मला पुढे काय करायचे आहे हे विचारलेच नाही, त्यांनी भागीदारीपत्र मागितले. घरची पेढी सोडण्याच्या निर्णयावर दीर्घ चर्चा होईल अशा तयारीने गेलेल्या माणसाला हे कोरडे वाटू शकते, पण मला त्यांची ही पद्धत योग्य वाटते. भारतीय भागीदारी अधिनियम, १९३२ मधील कलम ३२ नुसार भागीदाराला तीन मार्गांनी निवृत्त होता येते: इतर सर्व भागीदारांच्या संमतीने, भागीदारीपत्रात तशी तरतूद असेल तर तिच्याप्रमाणे, किंवा भागीदारी मुदतीविना आणि इच्छाधीन (भागीदाराच्या इच्छेने संपवता येणारी) असेल तर सर्वांना लेखी नोटीस देऊन. यांपैकी आपला मार्ग कोणता हे ठरल्याखेरीज बाकीच्या गोष्टींना अर्थ नसतो. आमच्याकडे संमतीचा मार्ग होता, कारण वडिलांचा विरोध मावळला होता आणि काकांचा रोष माझ्या जाण्यावर नव्हे, तर जाण्याच्या पद्धतीवर होता.

त्या रोषाचे मूळ होते जाहीर नोटीस. दुकानात जाणे बंद केले, सहीचा अधिकार काढून घेतला आणि घरच्यांनी मान डोलावली की आपण सुटलो, असा पेठेतल्या बहुतेक घरांत समज असतो. कायदा तसे मानत नाही. निवृत्तीची जाहीर नोटीस दिली जाईपर्यंत, पेढीने पुढे केलेल्या व्यवहारांबद्दल बाहेरचा माणूस जुन्या भागीदारालाही जबाबदार धरू शकतो. नोंदणीकृत पेढीच्या बाबतीत ही नोटीस म्हणजे पेढ्यांची नोंदणी करणाऱ्या निबंधकाकडे बदलाची सूचना, शासकीय राजपत्रात प्रसिद्धी आणि पेढी ज्या जिल्ह्यात आहे तेथे खपणाऱ्या किमान एका देशी भाषेतील वृत्तपत्रात प्रसिद्धी, या तिन्ही गोष्टी. काकांचे म्हणणे एकच होते, "अरे, पेपरात नोटीस कशाला? उद्या गल्लीतला प्रत्येक जण विचारेल, भांडण झालं का तुमच्यात?" वृत्तपत्राच्या आतल्या पानावरच्या जाहीर नोटिसा पुण्यात किती बारकाईने वाचल्या जातात हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना काकांची भीती अनाठायी वाटणार नाही.

या ठिकाणी कार्यालयाने जे केले त्यासाठी मी त्यांना सर्वांत जास्त गुण देईन. मॅडमनी काकांना कार्यालयात बोलावले नाही, त्या स्वतः दुकानात आल्या आणि गिऱ्हाइकांची वर्दळ सरेपर्यंत थांबून राहिल्या. त्यांनी नोटिशीचा मसुदा काकांच्या पुढ्यात ठेवून त्यांनाच शब्द बदलायला सांगितले. ठरावीक छापाच्या नोटिशीत "यापुढे सदर व्यक्तीशी व्यवहार केल्यास पेढी जबाबदार राहणार नाही" असे वाक्य असते आणि भांडणाचा वास त्यालाच येतो. ते काढून, मी परस्पर संमतीने आणि अन्य व्यवसायासाठी निवृत्त होत असून पेढी उर्वरित भागीदारांसह पूर्ववत चालू राहील, असे लिहिले गेले. शिवाय, नोटीस छापून येण्यापूर्वी मोठे पुरवठादार आणि नेहमीचे ठेकेदार यांना काकांच्या आणि माझ्या अशा दोघांच्या सहीचे पत्र जावे, हा सल्लाही त्यांचाच. बातमी पेपरातून कळण्याऐवजी आमच्याकडून कळल्यामुळे काकांची मुख्य अडचण दूर झाली.

दुसरी सूचना जीएसटीची होती आणि ती मला कुणीच सांगितली नव्हती. भागीदार निवृत्त झाल्याचे आयुक्तांना लेखी कळवावे लागते, आणि निवृत्तीच्या तारखेपासून एक महिन्याच्या आत कळवले नाही, तर ती सूचना मिळेपर्यंतच्या कराची जबाबदारीही त्याच्यावर राहते. नोंदणीतील भागीदारांची यादी बदलण्याचा अर्ज वेगळा, त्याला १५ दिवसांची मुदत. ही दोन्ही कामे कार्यालयाने वेळेत केली.

बँकेच्या बाबतीत मात्र त्यांची ढिलाई झाली. पेढीच्या कॅश क्रेडिट खात्याला (खेळत्या भांडवलासाठीच्या कर्जखात्याला) आम्हा चौघांची वैयक्तिक हमी होती. भागीदारी सोडली म्हणून हमी आपोआप संपत नाही: पुढील व्यवहारांपुरती ती नोटीस देऊन मागे घेता येते, पण आधीच्या थकबाकीतून सुटायचे तर बँकेची लेखी मुक्तता हवी, आणि ती देण्याआधी बँक उरलेल्यांची पत पुन्हा तपासते. हे काम सर्वांत वेळखाऊ असल्यामुळे सर्वांत आधी सुरू करायला हवे होते. कार्यालयाने ते निवृत्तीपत्रावर सह्या झाल्यानंतर काढले, परिणामी मी कारखान्यात रुजू झाल्यावरही बराच काळ दुकानाच्या कर्जाला जामीन होतो. विचारल्यावर "बँकांना वेळ लागतोच" असे उत्तर मिळाले. खरे असेल, पण तेवढ्यासाठीच तर फी दिली होती.

मसुद्याच्या तपासणीत त्यांची नजर तीक्ष्ण आहे. आमच्या जुन्या हिशेबनीसांनी भल्या हेतूने तयार केलेल्या कच्च्या कागदात पेढीतील माझा हिस्सा आणि वडिलोपार्जित वाड्यातील माझा हक्क, दोन्ही एकाच परिच्छेदात सोडून दिलेले होते. मॅडमनी त्यावर लाल रेघ ओढली. पेढीतील भागीदारी हा करार असतो आणि वाड्यातील हक्क जन्माने किंवा वारशाने येतो. त्या हक्कासाठी स्वतंत्र आणि नोंदणीकृत हक्कसोडपत्र लागते, आणि २००५ च्या दुरुस्तीनंतर हिंदू एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलींचाही मुलांइतकाच जन्मसिद्ध हक्क असल्यामुळे तो विषय बहिणीला बाजूला ठेवून चर्चेला घेताही येत नाही. "दुकान सोडताय ना? मग वाड्याचं नाव या कागदावर नको," एवढेच त्या म्हणाल्या. त्याच कागदात, निवृत्त भागीदाराने "विद्युत मालाशी संबंधित कोणतेही काम" करू नये अशीही अट होती. स्पर्धा न करण्याचा करार ठरावीक मुदतीपुरता किंवा ठरावीक क्षेत्रापुरता आणि वाजवी असेल तर चालतो, पण ही अट जशीच्या तशी राहिली असती, तर वायरिंग हार्नेस, म्हणजे वाहनातील विद्युत तारांचे जुडगे बनवणाऱ्या माझ्या कारखान्यातील नोकरीवरही कुणी बोट ठेवू शकले असते. ती पुणे शहरातील विद्युत साहित्याच्या विक्रीपुरती आणि मोजक्या मुदतीपुरती करण्यात आली.

पैशांच्या बाबतीत सांगण्यासारखे एकच आहे. माझे भांडवल एकरकमी देणे पेढीला शक्य नव्हते आणि दिवाळीच्या तोंडावर ते मागणेही बरे दिसले नसते. हिशेब मिटवल्याशिवाय पेढी चालू राहिली, तर बाहेर पडलेल्या भागीदाराला त्याच्या पैशांमुळे झालेल्या नफ्यातील वाटा किंवा वर्षाला ६ टक्के व्याज यांपैकी एक निवडता येते, अशी कायद्यात तरतूद आहे. हप्ते ठरवताना हाच दर धरल्यामुळे घासाघीस झाली नाही. दर पुतण्याने किंवा काकांनी सुचवलेला नसून कायद्यातला आहे, ही गोष्ट घरात फार उपयोगी पडली.

आता दुसरा भाग. कलचाचणी संगणकावर घेतात, प्रश्न बाहेरदेशी तयार केलेले वाटतात आणि अहवाल जाडजूड मिळतो. माझ्या अहवालात सर्वांत अनुकूल क्षेत्र म्हणून "स्वतःचा व्यवसाय" असे छापून आले होते. ज्या माणसाने आदल्याच महिन्यात व्यवसाय सोडण्यासाठी याच कार्यालयाला पैसे दिले, त्याच्या हाती असा अहवाल देताना समुपदेशकांनी निदान हसायला हवे होते. त्यानंतरच्या चर्चेतही "आपली आवड ओळखा" या वळणाचे बरेच बोलणे झाले. पस्तिशीच्या, घर चालवणाऱ्या माणसाला त्याहून नेमके काही हवे असते: कोणत्या विभागात बिगर-अभियंत्याला घेतात, सुरुवातीला पगार किती खाली येईल, आणि वयाने लहान असलेल्या साहेबाच्या हाताखाली काम कसे करायचे.

अपवाद शेवटच्या सत्राचा. त्यात त्यांनी मला दुकानातली कामे जशी असतात तशी बोलायला लावली आणि मग त्यांतून अर्ज लिहून घेतला. तांब्याचा भाव हलला की वायरचे दरपत्रक बदलते आणि जुन्या दराचा माल किती धरून ठेवायचा हे त्याच दिवशी ठरवावे लागते, न खपणारा माल पुरवठादाराच्या योजनेत गुंतवून कसा काढायचा, ठेकेदारांची उधारी पावसाळ्यात का अडकते, हे सारे मी "दुकान पाहिले" या दोन शब्दांत गुंडाळत होतो. अर्जात ते साठा-नियोजन, खरेदीचे दर-विश्लेषण आणि वसुली म्हणून उतरले, आणि मुलाखतीत विचारले गेलेले बहुतेक प्रश्न नेमके तांब्याच्या त्या ओळीवर होते.

नोकरीच्या उंबरठ्यावर घरच्या धंद्यातला माणूस जिथे अडतो, ती जागाही समुपदेशकांपेक्षा मॅडमनीच सोडवली. कारखान्याच्या मनुष्यबळ विभागाने मागील तीन महिन्यांच्या पगारपावत्या, फॉर्म १६ (पगारातून कापलेल्या कराचा दाखला) आणि आधीच्या ठिकाणचे रिलीव्हिंग लेटर (कामातून मुक्त केल्याचे पत्र) मागितले. भागीदाराकडे यांपैकी काहीच नसते, कारण पेढीकडून मिळणारे मानधन आयकराच्या दृष्टीने पगार नसून व्यवसायाचे उत्पन्न असते. त्यांनी आयकर विवरणपत्रे, भागीदारीपत्र, जीएसटी नोंदणीतील माझ्या नावाचे पान आणि निवृत्तीपत्र असा संच करून वर खुलाशाचे पत्र जोडले. "निवृत्तीपत्र हेच तुमचं रिलीव्हिंग लेटर," असे त्यांनी सांगितले होते, आणि पडताळणी करणाऱ्यांनी ते विनातक्रार मान्य केले.

ही सेवा सर्वांच्या उपयोगाची नाही. दुकान वडिलांच्या एकट्याच्या मालकीचे असेल आणि मुलगा नुसता गल्ल्यावर बसत असेल, तर निवृत्त होण्यासारखे काही नसतेच, त्याने पहिल्या भागावर खर्च करू नये. पेढीत दोनच भागीदार असतील, तर एकाच्या जाण्याने भागीदारी उरत नाही आणि विसर्जनाचे काम निराळे आणि मोठे असते. खासगी मर्यादित कंपनीत संचालकपदाचा राजीनामा आणि भागभांडवल हे दोन वेगळे विषय आहेत, त्यासाठी कंपनी सचिवाकडे जावे. या कार्यालयाचा तो प्रांत नव्हे.

चार-पाच जणांची जुनी भागीदारी असलेल्यांनी मात्र पहिला भाग अवश्य घ्यावा, आणि पहिल्याच दिवशी बँकेच्या हमीचे काम हाती घेण्याची अट लेखी घालावी. दुसऱ्या भागापैकी चाचणी आणि समुपदेशन वगळून फक्त अर्ज-लेखनाचे सत्र मागावे. मागितल्यास ते स्वतंत्रपणे आणि बऱ्याच कमी पैशांत देतात, माहितीपत्रकात मात्र तसे कुठेही छापलेले नाही.