‘सीलबंद जुना स्टॉक’ : पद्मिनीवाल्यांनो, कार्बोरेटर घेताना जपून

नवी मुंबईत, तुर्भ्याच्या बाजूला, एक जण जुन्या गाड्यांचे सोलेक्स कार्बोरेटर (इंजिनासाठी पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) ‘कंपनीचा सीलबंद माल’ म्हणून विकतोय. मला त्याने साडेसहा हजारांना गंडवलं, आणि वर माझा अस्सल कार्बोरेटरही घेऊन गेला.

वडिलांची १९८६ ची पद्मिनी सिग्नलला उभी राहिली की बंद पडायची. नीडल व्हॉल्व्ह (आत येणारं पेट्रोल अडवणारी सुई) झिजलेला, थ्रॉटलचा स्पिंडल (हवेची पाकळी फिरवणारी दांडी) ढिला. हा माणूस फोनवर म्हणाला, “साहेब, मद्रासच्या डीलरचं गोदाम रिकामं झालं तेव्हा लॉट उचललाय, १९८५ चा माल.” खोका पिवळा पडलेला, कोपरे झिजलेले. “जुना देऊन टाका, हजार कमी करतो. तसाही भंगारात जाणार.” या जुन्यासाठी त्याची घाई जरा जास्तच होती.

नवा बसवल्यावर काळा धूर. घोडबंदर रोडवर तर बॉनेटखालून पेट्रोल ठिबकायला लागलं. तापलेल्या इंजिनावर पेट्रोल म्हणजे काय, हे सांगायला नको.

वागळे इस्टेटच्या आमच्या मिस्त्रींनी सगळं खोललं. मेन जेटला, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक भोकाच्या पितळी तुकड्याला, लोहचुंबक लावला तर चिकटला! पितळ नव्हतंच, लोखंडाला पिवळा मुलामा. जेटवर १२० कोरलेलं असेल तर भोक १.२० मिलिमीटरचं हवं, यात १.३ चं ड्रिल आरामात गेलं. नीडल व्हॉल्व्हची सुई बोटाने दाबून फुंकलं तरी हवा जात होती. सगळ्यात भयंकर म्हणजे थ्रॉटलच्या पाकळीचे स्क्रू. त्यांची टोकं मागून ठोकून पसरवलेली असतात, म्हणजे सुटत नाहीत. इथला एक नुसत्या बोटांनी फिरला. तो पडला असता तर थेट सिलिंडरमध्ये.

खोक्यातली लबाडी मात्र मुलीने पकडली. पत्त्यात ‘चेन्नई’ छापलंय. मद्रासचं चेन्नई झालं १९९६ साली, मग १९८५ चा खोका कसा? शिवाय आतल्या पट्ट्या पांढऱ्याशुभ्र होत्या. बाहेरून चहाचं पाणी मारलं असावं.

मिस्त्रींचा राग मी देऊन टाकलेल्या जुन्या कार्बोरेटरवरून होता. “दादा, बॉडी ओरिजिनल होती. स्पिंडलला बुश (झिजेची जागा भरणारं कडं) मारला असता, चालली असती अजून वीस वर्षं.” आता तीच धुऊन-पुसून दुसऱ्या कुणाला ‘नवी’ म्हणून खपणार. तुमच्या कार्बोरेटरची बॉडी कुणी बदल्यात मागत असेल तर तिथूनच माघारी फिरा.

त्याने नंबर ब्लॉक केलाय. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे, पण हातात आहे ती कच्ची पावती, त्यावर ना दुकानाचं नाव ना जीएसटी नंबर.

सध्या कुर्ल्याच्या भंगारातून मोडीत निघालेल्या टॅक्सीच्या कार्बोरेटरची एक बॉडी मिळाली आहे. फ्लँज (इंजिनावर बसणारी सपाट कड) वाकलेला होता, तो मिस्त्रींनी काचेवर पॉलिश पेपर ठेवून घासून सपाट केला. जेटची शोधाशोध चालू आहे, लोहचुंबक खिशात घेऊन.