अमेरिकेतली जे-वन हॉटेल ट्रेनिंग: पगाराआधी पत्ता बघा

हॉटेल मॅनेजमेंटनंतर वर्षभरासाठी अमेरिकेत नेणारी, जे-वन या एक्सचेंज व्हिसावरची ट्रेनिंग पुणे, मुंबई, गोव्याच्या कॉलेजांत आता सगळ्यांच्या ओळखीची आहे. चौकशी मात्र ब्रँड आणि तासाचा दर, या दोनच गोष्टींची होते. काम शिकायला ही व्यवस्था खरंच चांगली आहे. मोठ्या रिसॉर्टचं बँक्वेट किचन एकदा सांभाळलं की हात कायमचा सुधारतो. कमी पडते ती माणसं जोडून देण्यात. मुलं तिथे एकटी पडतात त्याला त्यांच्या स्वभावापेक्षा घर, बस आणि शिफ्ट यांची मांडणी जास्त कारणीभूत असते, आणि ती सही करण्याआधी बरीचशी तपासता येते.

सगळ्यात महत्त्वाचा कागद डीएस-७००२, म्हणजे ट्रेनिंगचा आराखडा. एजंट तो ईमेलवर पाठवून ‘इथे सही करा’ म्हणतो. तशी करू नका. त्यात प्रत्येक टप्प्याच्या तारखा, कामाच्या जागेचा पत्ता आणि रोज देखरेख करणाऱ्याचं नाव असतं. हॉस्पिटॅलिटीत सहा महिने किंवा जास्त काळ असेल तर निदान तीन रोटेशन, म्हणजे वेगवेगळ्या विभागांत पाळीपाळीने काम, असावी लागतात, आठवड्याला किमान ३२ तास काम मिळावं लागतं आणि एकूण मुदत १२ महिन्यांच्या वर जात नाही. याच फॉर्मात एक रकाना सांस्कृतिक उपक्रमांचा असतो. ‘स्थानिक सण व पर्यटनस्थळांना भेटी’ असं एखादं वाक्य सगळ्यांच्या फॉर्मात सारखंच चिकटवलेलं दिसलं, तर तिथे काहीही ठरलेलं नाही असं समजा. कोण नेणार, कुठल्या गाडीने, ऑफ कधी, हे लेखी विचारा. उत्तर देताना हॉटेलच्या एचआरचा माणूस अडखळला, तर पुढे आजारपणातही तोच अडखळणार.

नंतर घराचा पत्ता मागा, ‘हॉटेलपासून जवळ’ हे उत्तर घेऊ नका. दोन्ही पत्ते नकाशावर टाकून शेवटची बस किती वाजता सुटते ते बघा. गोल्फ रिसॉर्ट बहुधा गावाबाहेर असतात आणि डिनर शिफ्ट संपते रात्री ११ला. बस ९ला बंद होत असेल तर रोज टॅक्सी नाही तर कुणाची तरी गाडी. ज्याच्याकडे गाडी त्याच्या वेळेवर तुमचा ऑफ, किराणा, सगळं चालतं. एका खोलीत किती जण, भाडं पगारातून किती कापणार, डिपॉझिट परत कधी, हेही लेखी घ्या. रूममेट वेगळ्या शिफ्टचे असले तर एका घरात राहून आठवडाभर गाठ पडत नाही.

घरी फोन करण्याचं गणित आधीच मांडून ठेवा. हिवाळ्यात फ्लोरिडाची वेळ आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असते, उन्हाळ्यात साडेनऊ. ॲरिझोना वर्षभर साडेबारा तास मागे. फ्लोरिडात थंडीत रात्री ११ला शिफ्ट सुटली की आपल्याकडे सकाळचे साडेनऊ वाजलेले असतात आणि घरात कामाची धांदल चालू असते. कामावर जाण्याआधी सकाळी १०ला फोन करा, तेव्हा आईबाबा रात्री साडेआठला निवांत बसलेले असतात.

किचनमध्ये पहिला महिना जड जातो तो सवयींमुळे. आपल्याकडे शेफला पुन्हा पुन्हा विचारणं उद्धटपणाचं वाटतं, म्हणून मुलं मान हलवून गप्प राहतात. तिथे गप्प राहिलात की समजलं असं धरतात आणि चूक झाली की बेपर्वाईचा शिक्का बसतो. ऑर्डर ऐकली की ‘हर्ड’ (ऐकलं) म्हणा आणि कळलं नसेल तर तिथल्या तिथे विचारा. शिफ्ट संपल्यावर शेफ थांबलाय म्हणून थांबायचं नसतं. पंच आउट केल्यावर, म्हणजे सुटल्याची वेळ नोंदवल्यावर, काम करणं हॉटेललाच अडचणीत आणतं. अनेक किचनांत कुकपासून भांडी घासणाऱ्यापर्यंत निम्मी माणसं स्पॅनिश बोलतात. जाण्याआधी चाळीस-पन्नास स्पॅनिश शब्द पाठ केलेल्या मुलाला स्टाफ मीलच्या टेबलावर जागा मिळते, आणि वर्षभराची पहिली मैत्री बहुधा तिथेच होते. बीफ किंवा पोर्क चाखणार नसाल तर पहिल्याच आठवड्यात शेफला सांगा, म्हणजे चवीसाठी दुसरा माणूस ठरवता येतो. सर्व्हिसच्या गर्दीत सांगितलंत तर तो अडेलपणा वाटतो.

स्पॉन्सर, म्हणजे हा कार्यक्रम चालवायला अमेरिकी सरकारची मान्यता असलेल्या कंपन्या, यांच्याबद्दल आमचं मत मध्यम आहे. व्हिसाची कागदपत्रं त्या चोख करतात. पण जागेवर जाऊन पाहणी करण्याची सक्ती फक्त नव्या आणि लहान यजमान हॉटेलांसाठी आहे: २५हून कमी कर्मचारी किंवा वर्षाला ३० लाख डॉलरपेक्षा कमी उलाढाल. मोठं रिसॉर्ट कुणी न बघताही मंजूर होऊ शकतं. मूल्यमापन मध्यावर आणि शेवटी होतं, त्यात भर असतो तो कौशल्यावर. सहा महिने कुणाशी धड बोलणं नाही, ही गोष्ट तिथे नोंदली जात नाही. म्हणून त्रास झाला तर मध्यावरच्या फॉर्मची वाट न बघता स्पॉन्सरला ईमेल करा, फोनवरचं बोलणं पुढे सिद्ध करता येत नाही. ते दाद देत नसतील तर अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची जे-वन हेल्पलाइन १-८६६-२८३-९०९० आहे. विम्यात दर आजाराला किमान १ लाख डॉलरचं कवच बंधनकारक आहे, पण समुपदेशकाच्या भेटी त्यात धरल्या आहेत का हे पॉलिसीत वेगळं वाचावं लागतं. झोप उडाली, जेवण सुटलं की ही माहिती हाताशी हवी.

दोन ऑफर हातात असतील तर सुरुवातीचा महिना निर्णायक धरा. फ्लोरिडाचा हंगाम थंडीत असतो. ऑक्टोबरच्या आसपास पोचलात तर हंगामासाठी आलेली इतर नवी मुलंही भेटतात आणि तासही भरपूर मिळतात. मेमध्ये पोचलात तर हॉटेल रिकामं, जुनी बॅच निघालेली, तास कापलेले. आठवडा ३२ तासांखाली जायला लागला की वेळापत्रकाचा फोटो जोडून स्पॉन्सरला त्याच आठवड्यात कळवा.