जानेवारीत ऊन शोधताना: आंदालुसिया की सिसिली?

युरोप बघायचाय, पण कडाक्याची थंडी नको आणि उन्हाळ्यातली गर्दीही नको, असं म्हणणाऱ्यांपुढे हिवाळ्यात दोन नावं हमखास येतात. स्पेनचा दक्षिण भाग, म्हणजे आंदालुसिया, आणि इटलीचं सिसिली बेट. दोन्ही साधारण 37-38 अक्षांशांवर आहेत. जानेवारीत आंदालुसियातलं सेव्हिल काय नि सिसिलीतलं पालेर्मो काय, दुपारचं तापमान 15-16 अंशांच्या आसपास. पाऊसही दोन्हीकडे हिवाळ्यातच पडतो. मग लोक विमानाचं तिकीट कुठलं स्वस्त, एवढंच बघून ठरवून टाकतात. मुंबईहून सेव्हिललाही थेट विमान नाही आणि सिसिलीतल्या कटानियालाही नाही, त्यामुळे तिथेही उन्नीस-बीसचाच फरक. मी विचारेन ते वेगळंच: ऑफ-सीझनमध्ये तिथलं काय काय बंद असतं?

आंदालुसियात फारसं काही नाही. सेव्हिल, कोर्दोबा, ग्रॅनाडा, मालागा ही नांदती शहरं आहेत. पर्यटकांवाचून त्यांचं अडत नाही. उलट जुलैत सेव्हिलचा पारा सरासरी 36 अंशांवर जातो तेव्हा दुपारी रस्ते ओस पडतात. जानेवारीत रस्त्याकडेची कडू संत्र्यांची झाडं फळांनी लगडलेली असतात आणि लोक बाहेर टेबलं मांडून उन्हात बसलेले असतात. सिसिलीचं तसं नाही. पालेर्मो आणि कटानिया बारा महिने गजबजलेली, पण ज्या सिसिलीचे फोटो बघून आपण भुललेलो असतो, ती समुद्रकाठची सिसिली या दिवसांत शटर ओढून बसते. ताओर्मिनातली बरीच हॉटेलं नोव्हेंबर ते मार्च बंद. सिसिलीजवळच्या एओलियन बेटांच्या बोटी कमी होतात, आणि ज्या असतात त्याही समुद्र खवळला की रद्द. समुद्रात डुंबायचं म्हणाल तर तो विचार दोन्हीकडे सोडा, पाणी 15 अंशांच्या आसपास असतं.

दिवसाच्या उजेडाचा हिशेब मात्र कोणी करत नाही. दोन्हीकडे घड्याळ एकच, पण सेव्हिल त्या वेळेच्या पट्ट्यात पार पश्चिमेला आहे आणि कटानिया बरोबर मधल्या रेखांशावर. त्यामुळे जानेवारीत सेव्हिलला उजाडायलाच साडेआठ-पावणेनऊ होतात, पण सूर्य मावळतो सव्वासहाच्या पुढे. कटानियात सव्वासातला ऊन आणि पाचच्या सुमारास काळोख. सकाळी सातला चहा घेऊन बाहेर पडणाऱ्या मंडळींना सिसिली मानवेल. ज्यांच्या घरात पोरं दहाशिवाय हलत नाहीत, त्यांनी सरळ स्पेन गाठावं, तिथे सगळा देशच उशिरा उठतो.

थंडीबद्दल एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो: ती बाहेर नसते, घरात असते. दोन्हीकडची जुनी घरं उन्हाळ्यासाठी बांधलेली. जाड भिंती, लादीची जमीन, मधे चौक. जानेवारीत रात्री त्या लादीवर अनवाणी पाय टाकून दाखवा. आंदालुसियात गोल टेबलावर जमिनीपर्यंत जाड कापड टाकतात आणि टेबलाच्या खाली शेगडी ठेवतात, पूर्वी निखाऱ्यांची, आता विजेची. सगळं घर पाय त्या कापडाखाली खुपसून बसतं. पाठ गारठलेली, गुडघे भाजलेले. भाड्याच्या घरात ही चैन मिळेलच असं नाही. म्हणून बुकिंग करताना बाल्कनी आहे का हे विचारण्याआधी प्रत्येक खोलीत हीटर आहे का ते विचारा. ग्रॅनाडा तर 700 मीटरच्या वर वसलंय, तिथे रात्री पारा शून्यापाशी जातो. आजी-आजोबा बरोबर असतील तर ग्रॅनाडात हॉटेलच घ्या, अपार्टमेंटच्या फंदात पडू नका.

फिरण्याच्या सोयीत आंदालुसिया सरळ सरळ पुढे आहे. माद्रिद-सेव्हिल वेगवान रेल्वे 1992 पासून धावते आणि अडीच तासांच्या आसपास पोचवते. वाटेत कोर्दोबा, तिथून सेव्हिल पाऊण तासावर. सकाळी निघून मेस्किता बघून संध्याकाळी परत येता येतं. आठव्या शतकात सुरू झालेली ही मशीद आणि सोळाव्या शतकात तिच्या ऐन मध्यात घुसवलेलं कॅथेड्रल: उन्हाळ्यात त्या खांबांमधून माणसांच्या लोंढ्याबरोबर सरकावं लागतं, जानेवारीत थांबता येतं. ग्रॅनाडाच्या अल्हाम्ब्रा किल्ल्याला मात्र ऑफ-सीझनचा नियम लागू नाही. तिकिटावर नाव आणि पासपोर्ट नंबर असतो, आतल्या नासरी महालांत शिरायची वेळ ठरलेली असते, आणि ती हुकली की हुकली. विमानाच्या पाठोपाठ हेच तिकीट काढा. मोबदल्यात काय मिळतं? समोरच्या टेकडीवरच्या सान निकोलासच्या चौकातून लालसर किल्ला आणि त्याच्या मागे बर्फाने पांढरी झालेली सिएरा नेवादाची डोंगररांग. ऑगस्टमध्ये जाणाऱ्यांच्या नशिबी तो बर्फ नसतो.

सिसिलीत रेल्वेच्या भरवशावर राहू नका. पालेर्मो ते कटानिया बसच बरी, आणि आतल्या गावांकडे रविवारी बस नावालाच. मोडिका, नोटो, रगुसा ही 1693 च्या भूकंपानंतर नव्याने उभी राहिलेली, नक्षीदार बरोक शैलीतली गावं नीट बघायची तर गाडी हवी. आपल्या लायसन्सबरोबर इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट लागतं. शहरांच्या जुन्या भागांत बाहेरच्या गाड्यांना बंदी असते. कॅमेरा फोटो काढतो आणि दंडाची पावती काही महिन्यांनी घरपोच येते. गाडी चालवायची नसेल तर कटानिया आणि सिराक्युझ एवढंच करा, तेवढं सुखाने होतं.

पण एटना! तीन हजार तीनशे मीटरहून उंच जागृत ज्वालामुखी, माथ्यावर बर्फ, आणि अधूनमधून त्याच बर्फातून धूर. कटानियाहून सकाळी एक बस 1,900 मीटरवरच्या रिफुजो सापिएन्झापर्यंत जाते आणि दुपारी उशिरा तीच परत येते. वरचा केबल-कार हवा बघून चालतो. आणि राख उडाली तर कटानियाचा विमानतळ काही काळ बंद पडू शकतो, तेव्हा परतीचं मोठं विमान त्याच दिवशी ठेवू नका. हे सगळं सोसायची तयारी असेल तर आंदालुसियात याच्या तोडीचं काही नाही. अग्रिजेंतोची ग्रीक देवळंही तशीच: फेब्रुवारीत बदामाची झाडं फुललेली आणि अडीच हजार वर्षांच्या खांबांपुढे तुम्ही जवळजवळ एकटे.

शाकाहाऱ्यांनी कुठे जावं? माझं मत सिसिलीला. पालेर्मोत हरभऱ्याच्या पिठाच्या पातळ वड्या तळून पावात घालून देतात, नाव पानेल्ले. म्हणजे बेसन, पाव आणि लिंबू. आपल्या माणसाला समजावून सांगायला लागत नाही. कटानियात वांग्याचा पास्ता, नाव ‘अल्ला नोर्मा’. शिवाय एटनाच्या पायथ्याची लाल गराची संत्री नेमकी याच दिवसांत बाजारात येतात. आंदालुसियातही पालक-हरभरे, मधाच्या पाकातली तळलेली वांगी, बटाट्याचं ऑम्लेट मिळतं, पण हॅमचे तुकडे कशावरही भुरभुरलेले येतात. ‘मांस नको’ म्हटल्यावर हॅमही नको हे वेगळं सांगावं लागतं. रात्रीचं जेवण साडेआठ-नऊच्या आधी मागितलंत तर भटारखाना बंद.

तारखा जपून निवडा. नाताळची सुट्टी ऑफ-सीझन नव्हेच. 6 जानेवारीला दोन्ही देशांत सार्वजनिक सुट्टी असते आणि खरी शांतता त्यानंतर. 3 ते 5 फेब्रुवारीला कटानियात संत आगाताचा उत्सव असतो, सगळं शहर रस्त्यावर. भाविक पांढऱ्या झग्यात जळत्या जाड मेणबत्त्या खांद्यावरून नेतात, आणि त्याचं मेण रस्त्यावर इतकं सांडतं की लाकडाचा भुसा टाकावा लागतो. त्यानंतरही गाड्यांची चाकं चिरचिरत राहतात. तो बघायचाच असेल तर हॉटेल फार आधी धरा, नाहीतर ते तीन दिवस टाळा.

पहिलाच युरोप, बरोबर वयस्कर माणसं किंवा लहान मुलं, गाडी चालवायची नाही: आंदालुसिया, बिनदिक्कत. एकदा युरोप झालाय, दोघं-चौघं आहात, एखादा दिवस पावसात गेला तरी चिडचिड होणार नाही: सिसिली. दहा दिवसांत दोन्ही करायच्या भानगडीत मात्र पडू नका, दोन-तीन दिवस विमानतळांवरच जातील. दोन्हीकडे शेंगेनच व्हिसा लागतो, प्रौढांची फी 90 युरो आणि सर्व्हिस चार्ज वेगळा. ज्या देशात जास्त रात्री, त्याच देशाकडे अर्ज करायचा. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, म्हणजे जानेवारीसाठी दिवाळीच्या फराळाआधी कागद गोळा करायला घ्या.