म्हैसमाळ, गौताळा की येडशी? डांबरी सोडून डोंगरात धावायचंय त्यांच्यासाठी

दिवाळी सरली की छत्रपती संभाजीनगरात आमच्या सकाळच्या धावणाऱ्या मंडळींत एक प्रश्न हमखास निघतो. कुणाची पहिली हाफ मॅरेथॉन झालेली असते, गोगाबाबाची टेकडी चढून-उतरून पाय तयार झालेले असतात आणि आता खरं जंगल हवं असतं. कुणी म्हणतं गौताळा, कुणी म्हणतं म्हैसमाळ. लातूर-धाराशिवकडचे मित्र येडशीचं नाव काढतात. या तिन्ही ठिकाणी मी वेगवेगळ्या ऋतूंत धावलो आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी एक गैरसमज दूर करू. मराठवाड्यात राष्ट्रीय उद्यान एकही नाही. राज्यातली सहाही आपल्या हद्दीबाहेर आहेत: ताडोबा, पेंच, नवेगाव आणि गुगामल विदर्भात, संजय गांधी मुंबईला, चांदोली सह्याद्रीत. आपल्याकडे आहेत ती अभयारण्यं. पण ‘अभयारण्यच आहे, चालतंय’ असं समजून कुणी घुसू नये. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार अभयारण्यात शिरायलाही परवानगी लागते. गौताळा आणि येडशी रामलिंग ही दोन अभयारण्यं, तर म्हैसमाळ हा खुला डोंगर. निम्मा निर्णय इथेच होतो.

उरलेला निम्मा घड्याळावर आहे, आणि माझ्या मते तोच महत्त्वाचा.

मराठवाड्यात आपण पहाटे धावतो ते हौसेनं नाही, उन्हामुळे. मार्चपासून साडेआठलाच ऊन टोचायला लागतं, म्हणून पाचला उठायचं आणि सातपर्यंत घरी यायचं, ही सवय अंगात मुरलेली असते. पण डोंगरातल्या जनावरांनाही तेच ऊन लागतं. बिबट्या पहाटे आणि तिन्हीसांजेला फिरतो, अस्वल रात्रभर वारुळं उकरून पहाटे परततं, नीलगायी उजाडताना पाण्यावर येतात. म्हणजे आपल्या धावण्याची वेळ आणि त्यांची फिरण्याची वेळ एकच. जंगलात धावायचं तर ही वेळ आपण सोडायची. ती सोडायची तयारी नसेल, तर खुल्या डोंगरावर जावं.

म्हैसमाळ: पहाट तुमची

म्हैसमाळ समुद्रसपाटीपासून 1067 मीटरवर आहे. शहरापासून चाळीसेक किलोमीटर. गाडी खुलताबादला लावायची आणि तिथून वर धावत निघायचं. जायला साधारण 12 किलोमीटर, यायला तेवढेच. हाफ मॅरेथॉन केलेल्या माणसाला अंतर ओळखीचं वाटतं, चढ मात्र नवा असतो. या भागात पहाटे माणसांची वर्दळ नवी नाही. श्रावणातल्या शनिवारी आणि हनुमान जयंतीला हजारो लोक शहरातून रात्रभर चालत खुलताबादच्या भद्रा मारुतीला येतात. अंधारात एकट्यानं निघालेल्या माणसाला या वाटेवर परकं वाटत नाही, आणि बाईमाणसाच्या दृष्टीनं हा फरक फार मोठा आहे. माझी बायको म्हैसमाळला मैत्रिणींसोबत पहाटे निघते. गौताळ्यात तिनं तसं निघावं असं मी कधीच म्हणणार नाही.

वाट सगळी डोंगराची नाही, हे मात्र खरं. घाटाचा रस्ता डांबरी आहे आणि खरी पायवाट मिळते ती माथ्यावर, गिरिजामातेच्या देवळापलीकडच्या पठारावर. तिथे गवत, मुरूम, मधूनच उघडा कातळ. ज्या शूलिभंजनाच्या टेकडीवर एकनाथांनी तप केल्याचं सांगतात, त्या बाजूला वळलात तर आणखी कच्ची वाट मिळते. पावसाळ्यात ढग खाली उतरतात आणि दहा पावलांपुढचं दिसत नाही, तेव्हा धावणं थांबवून नुसतं उभं राहावंसं वाटतं.

दोन गोष्टी सांभाळा. पहिली म्हणजे शेवाळ. एका ऑगस्टमध्ये माथ्यावरच्या ओल्या कातळावर माझा पाय सरकला आणि घोटा मुरगळला. गुरं घेऊन आलेल्या एका पोरानं खांदा दिला आणि रस्त्यापर्यंत आणलं, म्हणून निभावलं. तीन आठवडे घरी बसलो. दुसरी गोष्ट वीज. आपल्याकडे मान्सूनच्या आधी आणि परतीच्या पावसात दुपारनंतर विजा पडतात, दर वर्षी शेतातली माणसं जातात. म्हैसमाळच्या उघड्या माळावर दूरवर सगळ्यात उंच तुम्हीच असता. मे-जूनमध्ये आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये दुपारी तिथे धावू नका, आभाळ कितीही स्वच्छ दिसो.

गौताळा: उन्हं चढल्यावर

गौताळा औट्रमघाट अभयारण्य 1986 मध्ये जाहीर झालं, क्षेत्र साधारण 260 चौरस किलोमीटर. बराचसा भाग आपल्या कन्नडकडे, उरलेला खाली खानदेशात चाळीसगावकडे. इथली जमीन समजून घेतली की धावण्याचा बेत सोपा होतो. हे सगळे लाव्ह्याचे थर आहेत, एकावर एक रचलेले, म्हणून डोंगर पायऱ्यापायऱ्यांचा झाला आहे. कन्नडच्या बाजूनं, हिवरखेड्याकडून आत गेलात तर पठार हळूहळू वरखाली होत जातं, दमछाक कमी आणि पळायला मोकळं. उत्तरेची कड आली की डोंगर एकदम तुटतो आणि खाली खानदेश पसरलेला दिसतो. पाटणादेवीकडून वर चढायचं ठरवलंत तर तोच कडा अंगावर येतो. तिथे पळणं होतच नाही, गुडघ्यावर हात ठेवून चढावं लागतं. पहिल्या वेळी कन्नडचीच बाजू धरा.

झाडी म्हणाल तर म्हैसमाळशी तुलनाच नाही. साग, धावडा, सालई, अंजन, पळस. नोव्हेंबर ते जानेवारीत पानं टिकून असतात, सावली दाट असते, आणि सकाळी आठ-साडेआठला सुरुवात केली तरी अकरापर्यंत ऊन जाणवत नाही. म्हणूनच मी वर घड्याळाचं म्हटलं. गौताळा हिवाळ्यात पहाट सोडून द्यायची मुभा देतं.

ती का सोडायची हे मला एका डिसेंबरात कळलं. आम्ही चौघं नाक्यावर अंधारातच पोचलो होतो. वनरक्षकानं उन्हं येईपर्यंत सोडलं नाही. थंडीत पाऊण तास थांबलो, मनात चरफडलो. मग तोच आमच्याबरोबर आत आला. अर्ध्या किलोमीटरवर कच्च्या रस्त्याच्या धुळीत त्यानं ठसे दाखवले. धूळ दवानं बसलेली होती आणि ठसे त्या बसलेल्या धुळीवर उमटले होते. म्हणजे बिबट्या दव पडल्यानंतर, आम्ही नाक्यावर हात चोळत उभे होतो त्याच सुमारास तिथून गेला होता. त्यानंतर मी वेळेवरून कुणाशी वाद घातलेला नाही.

जनावराशी गाठ पडलीच तर पळू नका. पळणाऱ्याच्या मागे जाणं हा त्यांचा स्वभाव आहे. बिबट्या दिसला तर थांबा, अंग मोठं करून उभे राहा, पाठ न दाखवता सावकाश मागे सरका. अस्वलाचं वेगळं. त्याला दिसतं कमी, वारुळात तोंड घातलं की भान राहत नाही, आणि दचकलं की तोंडावरच येतं. म्हणून वळणावर बोलत, टाळी वाजवत जा. कानात इअरफोन घालून या जंगलात शिरणं हा माझ्या मते सरळ अपराध आहे, स्वतःशी आणि त्या जनावराशीही. माणसाला इजा झाली की शेवटी पिंजरा त्याच्यासाठीच लागतो.

2021 मध्ये यवतमाळच्या टिपेश्वरहून एक वाघ शेकडो किलोमीटर शेतं, नाले, रस्ते ओलांडत गौताळ्यात आला. आपल्या सातमाळ्याच्या रांगेत पुन्हा वाघ, या बातमीनं मला जो आनंद झाला तो कुठल्याही पदकानं झाला नसता.

मार्च ते जून मात्र गौताळ्यात धावूच नये. साग निष्पर्ण होतो, सावली जाते, वाळल्या पाचोळ्याखाली दगडगोटे दिसत नाहीत आणि फुरसंही दिसत नाही. मोह फुलला की अस्वलं त्याच्याखाली येतात. त्याहून मोठं कारण पाण्याचं. आपल्या भागातला दुष्काळ जंगलालाही असतो, आणि मोजक्या पाणवठ्यांवर सगळं जंगल जगत असतं. धापा टाकत आपण तिथून गेलो तर तहानलेलं जनावर माघारी फिरतं. आपली एक सकाळची हौस आणि त्याचं दिवसाचं पाणी, यात मला तरी प्रश्नच पडत नाही.

पितळखोऱ्याबद्दल लोक विचारतात. इसवी सनाआधीची बौद्ध लेणी, दरीत उतरणाऱ्या उभ्या पायऱ्या. तिथे पळत जाऊ नका, शांतपणे चालत उतरा. या डोंगरांच्या कातळांवर आग्यामोहोळं असतात. अत्तर, डिओ लावून गेलात किंवा कुणी धूर केला तर माश्या उठतात, आणि दरीतून वर पळायला जागा नाही.

येडशी रामलिंग

लातूर, धाराशिव किंवा बार्शीत राहत असाल तर गौताळ्यासाठी अर्धा दिवस प्रवासात घालवू नका. कन्नडवरून जाणाऱ्या सोलापूर-धुळे महामार्गावरच येडशी आहे, फक्त दुसऱ्या टोकाला. रेल्वेनंही जाता येतं, जुन्या बार्शी लाइट रेल्वेच्या मार्गावर येडशी स्टेशन आहे. अभयारण्य लहान, साधारण 22 चौरस किलोमीटर, बालाघाटाच्या बुटक्या डोंगरांचं. रामलिंगाचं देऊळ दरीत आहे आणि जटायूची कथा तिथे सांगतात. चढ गौताळ्यापेक्षा सौम्य, पाच ते आठ किलोमीटरसाठी उत्तम, लांब पल्ल्याला अपुरं. श्रावणात सोमवारी गर्दीमुळे पाय टाकायला जागा नसते. लहान आहे म्हणून निर्धास्त होऊ नका. 2024 च्या डिसेंबरात इथेही टिपेश्वरचा वाघ येऊन पोचला. जाण्याआधी वनखात्याकडून त्या आठवड्याची स्थिती विचारून घ्यावी.

मग मी काय सांगतो

रस्त्यावरून डोंगराकडे पहिल्यांदाच वळत असाल, एकटे धावत असाल किंवा पहाटच तेवढी मोकळी असेल, तर म्हैसमाळ. तिथे दहा-बारा वेळा चढून या. उतारावर लांब टांगा टाकायची रस्त्याची सवय मोडा, लहान आणि भरभर पावलं टाका. वेग किलोमीटरवर मोजू नका, तासांवर मोजा. शहरात जे अंतर एका तासात होतं त्याला डोंगरात पावणेदोन ते दोन तास धरा. हे अंगवळणी पडलं, शिवाय सोबत तीन-चार माणसं असतील आणि महिना थंडीचा असेल, तर गौताळा. आणि पहिल्या खेपेला धावायचं नाही, चालायचं. वाट कुठे फुटते, ओढा कुठे आडवा येतो, मोबाइलची रेंज कुठे जाते, हे पायी जाणाऱ्यालाच कळतं.

बुटांचं थोडक्यात. म्हैसमाळला रस्त्याचे बूट चालून जातात. गौताळ्यात उतारावरचा मुरूम गोट्यांसारखा पायाखालून निसटतो, तिथे तळाला खोल दाते असलेले बूट घ्या. काळ्या मातीत पावसाळ्यात कुठलेच बूट चालत नाहीत, दोन मिनिटांत एकेका पायाला किलोभर चिखल चिकटतो. मोजे घोट्याच्या वरपर्यंतचे हवेत, नाहीतर दिवाळीनंतर कुसळं टोचून टोचून जीव नकोसा करतात.

पाणी माणशी दोन लिटर, मीठ-साखरेची पुडी, शिट्टी, क्रेप बँडेज. साप चावला तर बांधाबांधी, चिरा देणं काही करू नका. पाय स्थिर ठेवून लवकरात लवकर दवाखाना गाठायचा, आणि त्यासाठी गटातला एक जण गाडीपाशी थांबलेला असावा. आमच्यात ही पाळी लावलेली असते. ज्याची पाळी असते तोच धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी आणतो, आणि परत आल्यावर गाठोडं नाक्याच्या बाहेर आल्यावरच सोडतो, म्हणजे आत कागदाचा कपटाही राहत नाही.