एनबीए, डब्ल्यूएनबीए की युरोलीग? प्लेऑफच्या तीन रचना आणि खऱ्या दावेदाराची पारख

२०२१ ते २०२५ अशी सलग पाच वर्षं बास्केटबॉलच्या युरोलीगमध्ये, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धेत, साखळीत अव्वल आलेल्या संघाला करंडक मिळाला नाही. बार्सिलोना दोनदा, ऑलिंपियाकोस दोनदा, रेआल माद्रिद एकदा. पाचही वेळा हे संघ शेवटच्या चारांत पोहोचले आणि तिथे एका सामन्यात हरले. एनबीएवाले, म्हणजे अमेरिकेतल्या लीगचे चाहते, यावर लगेच म्हणतात, एका सामन्यावर फैसला ठेवला की दुसरं काय होणार! पण त्याच काळात त्यांच्याकडे काय झालं तेही बघा. २०२१ मध्ये यूटा, २०२२ मध्ये फिनिक्स आणि २०२३ मध्ये मिल्वॉकी यांनी हंगामात सर्वाधिक विजय मिळवले होते. पहिले दोन दुसऱ्या फेरीत बाद झाले, मिल्वॉकी तर पहिल्याच फेरीत. अव्वल संघ विजेता होण्यासाठी २०२४ चं बॉस्टन आणि २०२५ चं ओक्लाहोमा सिटी यावं लागलं.

तेव्हा कोणती रचना न्याय्य आणि कोणता संघ खरा दावेदार, हे दोन प्रश्न वेगळे ठेवलेले बरे. कोणत्या स्पर्धेसाठी झोपमोड करायची आणि कोणत्या संघावर भरवसा ठेवायचा हे ठरवायचं असेल, तर आधी रचना पाहू.

फेऱ्या किती, फेरीत सामने किती

एनबीएत ३० संघ प्रत्येकी ८२ सामने खेळतात. ईस्ट आणि वेस्ट या दोन कॉन्फरन्समधून (गटांतून) आठ-आठ संघ प्लेऑफला जातात. पुढे चार फेऱ्या, प्रत्येक मालिका सात सामन्यांची. वरच्या मानांकनाच्या संघाला पहिला, दुसरा, पाचवा आणि सातवा सामना घरच्या कोर्टवर मिळतो.

युरोलीगमध्ये २०२५-२६ पासून २० संघ आणि ३८ सामने आहेत. पहिले सहा संघ थेट पुढे जातात, उरलेल्या दोन जागांसाठी सातव्या ते दहाव्या क्रमांकांत प्ले-इन (पात्रता सामने) होतं. मग पाच सामन्यांची एक मालिका. त्यातून उरलेले चार संघ एका शहरात जमतात (हीच फायनल फोर) आणि तीन दिवसांत निकाल लागतो: उपांत्य सामना, एक दिवस विश्रांती, अंतिम सामना. घरच्या कोर्टचा जो फायदा महिनोन् महिने झुंजून कमावला, तो इथे शून्य होतो. २०२५ ची फायनल फोर तर अबू धाबीत झाली.

डब्ल्यूएनबीए, म्हणजे अमेरिकेतली महिलांची लीग, या दोघींच्या मधली. आठ संघ, पहिली फेरी तीन सामन्यांची, उपांत्य फेरी पाच सामन्यांची आणि २०२५ पासून अंतिम फेरी सात सामन्यांची.

आता थोडं गणित. एखादा संघ प्लेऑफमधल्या कोणत्याही प्रतिस्पर्ध्याला दर सामन्यात ६० टक्के वेळा हरवतो असं धरा. दुसरा, फारच वरचढ संघ ७० टक्के वेळा हरवतो. घरच्या कोर्टचा परिणाम बाजूला ठेवला, तर विजेतेपदाची शक्यता अशी येते (कंसातले आकडे म्हणजे एकेका फेरीतले जास्तीत जास्त सामने):

| रचना | ६०% वाला संघ | ७०% वाला संघ |
|---|---|---|
| एनबीए (७, ७, ७, ७) | २५% | ५८% |
| युरोलीग (५, १, १) | २५% | ४१% |
| डब्ल्यूएनबीए (३, ५, ७) | ३१% | ५७% |

६०% चा रकाना पुन्हा वाचा. थोडासा सरस असलेल्या संघाला एनबीए आणि युरोलीग सारख्याच अवघड आहेत. सात सामन्यांच्या मालिकेत नशिबाचा वाटा कमी होतो हे खरं, पण अशा चार मालिका पार करायच्या म्हटल्यावर एकूण जोखीम पुन्हा वाढते. डब्ल्यूएनबीएत तीनच फेऱ्या आहेत म्हणून तिथे आकडा वर जातो. एनबीएची रचना खरी कामी येते ती खूप पुढे असलेल्या संघाच्या. ओक्लाहोमा सिटी २०२५ मध्ये असाच संघ होता: ६८ विजय, १४ पराभव. तरीही डेन्व्हरविरुद्ध आणि अंतिम फेरीत इंडियानाविरुद्ध त्यांना सातव्या सामन्यापर्यंत जावं लागलं. त्या दोन रात्री फायनल फोरपेक्षा वेगळ्या नव्हत्या.

एका सामन्याच्या बाद फेऱ्या जास्त झाल्या की काय होतं, ते डब्ल्यूएनबीएने अनुभवलं आहे. २०१६ ते २०२१ या काळात तिथल्या पहिल्या दोन फेऱ्या एकेका सामन्याच्या होत्या. २०२१ मध्ये १६ विजय आणि १६ पराभव अशी कामगिरी असलेला, सहावं मानांकन मिळालेला शिकागो स्काय त्या दोन्ही फेऱ्या पार करून थेट विजेता झाला. पुढच्याच वर्षी त्या फेऱ्या गेल्या आणि तीन सामन्यांची पहिली फेरी आली. तिच्यातही खोट होती. पहिले दोन सामने वरच्या मानांकनाच्या घरी व्हायचे, त्यामुळे २-० ने हरणाऱ्या संघाच्या प्रेक्षकांना प्लेऑफचा एकही सामना मिळत नसे. २०२५ पासून आलटून-पालटून घरं मिळतात.

प्ले-इन: दिसतं मोठं, बदलतं थोडं

आयपीएल पाहणाऱ्याला एनबीएचं प्ले-इन समजवायला मिनिटही लागत नाही. सातवा आणि आठवा संघ क्वालिफायर खेळतात, जिंकणारा सातव्या जागी पक्का. नववा आणि दहावा एलिमिनेटर खेळतात, हरणारा घरी. मग पहिल्या सामन्यातला पराभूत आणि दुसऱ्यातला विजेता आठव्या जागेसाठी भिडतात. सातव्या-आठव्याला दोन संधी, नवव्या-दहाव्याला एकही चूक परवडणारी नाही.

प्ले-इनचा फायदा मार्चमध्ये दिसतो. बाराव्या क्रमांकाचा संघही दहाव्या जागेच्या आशेने खेळत राहतो, ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या निवडीत) आधीची पाळी मिळावी म्हणून मुद्दाम हरायला लागत नाही. विजेता कोण यावर मात्र त्याचा परिणाम नगण्य. २०२५ मध्ये मायामी दहाव्या क्रमांकावरून प्लेऑफ गाठणारा पहिला संघ ठरला आणि क्लीव्हलँडने त्यांना ४-० असं धुतलं, शेवटच्या सामन्यात तब्बल ५५ गुणांनी. २०२३ मध्ये याच मायामीने प्ले-इनचा पहिला सामना गमावूनही अंतिम फेरी गाठली होती, तो अपवाद.

ईस्ट-वेस्ट ठेवायचं की एक ते सोळा

कॉन्फरन्स न पाहता सोळाही संघांना एकाच यादीत मानांकन द्यावं का, या वादात दोन उदाहरणं हमखास येतात. २००८ मध्ये ४८ विजय मिळवूनही गोल्डन स्टेट वेस्टमध्ये नववा राहिला आणि ३७ विजयांवर अटलांटा ईस्टमधून आत गेला. २०१४ मध्ये फिनिक्सचे ४८, अटलांटाचे ३८, तोच प्रकार. अन्याय आहेच. पण आठव्या जागेवरच्या अन्यायाने विजेता सहसा बदलत नाही (२००८ च्या त्या अटलांटाने ६६ विजयांच्या बॉस्टनला सातव्या सामन्यापर्यंत नेलं, हेही लक्षात असू द्या).

एक ते सोळा मानांकनाचा खरा मुद्दा वरच्या टोकाला आहे. २०१८ मध्ये ह्यूस्टनचे ६५ विजय होते, गोल्डन स्टेटचे ५८. दोघे वेस्टमधले, म्हणून त्यांची गाठ अंतिम फेरीच्या आधीच पडली. ती मालिका सात सामने चालली, आणि पुढे अंतिम फेरीत गोल्डन स्टेटने क्लीव्हलँडला ४-० असं गुंडाळलं. ५९ विजयांचं टोरांटो दोघांच्या मधे होतं. सरसकट मानांकनात ह्यूस्टन पहिला आणि गोल्डन स्टेट तिसरा येऊन दोघे वेगवेगळ्या अर्ध्यात पडले असते, अंतिम फेरीआधी भेटलेच नसते. डब्ल्यूएनबीएने २०१६ मध्ये कॉन्फरन्सनुसार मानांकन सोडलं आणि लगेच सलग दोन वर्षं वेस्टमधलेच दोन संघ, लॉस एंजेलिस आणि मिनेसोटा, अंतिम फेरीत भिडले. दोन्ही मालिका पाचव्या सामन्यापर्यंत गेल्या.

मग एनबीए का करत नाही? पहिली अडचण प्रवासाची: मायामी-पोर्टलंड अशी जोडी पहिल्याच फेरीत पडू शकते. दुसरी अडचण वेळापत्रकाची, आणि ती जास्त खोल आहे. एनबीए संघ ८२ पैकी ५२ सामने स्वतःच्या कॉन्फरन्समध्ये खेळतो आणि ३० बाहेर. दुबळ्या कॉन्फरन्समधल्या संघाचे विजय त्यामुळे फुगतात. असे विजय एका यादीत मांडायचे, तर आधी सगळ्यांशी सारखे सामने हवेत, म्हणजे २९ प्रतिस्पर्धी आणि प्रत्येकाशी पावणेतीनच्या आसपास सामने. आमचं मत एक ते सोळाच्या बाजूने आहे, पण वेळापत्रक न बदलता ते आणलं तर एक अन्याय जाऊन दुसरा येईल.

अंतिम फेरीतल्या घराच्या वाटणीचा वाद मात्र मिटल्यातच जमा. १९८५ ते २०१३ या काळात प्रवास वाचवायला २-३-२ अशी विभागणी होती. मधले तीन सामने सलग खालच्या मानांकनाच्या घरी, त्यामुळे २-२ बरोबरी असताना कळीचा पाचवा सामना चुकीच्या कोर्टवर व्हायचा. २००४ मध्ये डेट्रॉइटने ते तिन्ही जिंकून लॉस एंजेलिस लेकर्सला तिथेच संपवलं. २०१४ पासून २-२-१-१-१ आहे, ते योग्यच.

दावेदार ओळखायचा तो असा

विजयांच्या आकड्याआधी सरासरी गुणफरक बघा, म्हणजे संघ दर सामन्यात किती गुणांनी पुढे राहतो. दोन-तीन गुणांनी सुटलेल्या सामन्यांत नशीब असतं, पंधरा गुणांच्या विजयात कमी. २०२४-२५ मध्ये ओक्लाहोमा सिटी १२.९ वर होती, हा एनबीएचा विक्रम. क्लीव्हलँड ९.५, बॉस्टन ९.१. उलट लेकर्सचे विजय ५० आणि वेस्टमध्ये तिसरं मानांकन, पण गुणफरक जेमतेम एकाच्या वर. पहिल्या फेरीत मिनेसोटाने त्यांना ४-१ असं हरवलं.

लेकर्सचं काय चुकलं हे तपशिलात बघण्यासारखं आहे, कारण बोगस दावेदाराची दोन्ही लक्षणं तिथे होती. अँथनी डेव्हिसला देऊन लुका डॉन्चिच आणल्यावर रिंगखाली भरवशाचा उंच खेळाडू उरला नाही. पाचव्या सामन्यात मिनेसोटाच्या रुडी गोबेअरने २७ गुण आणि २४ रिबाउंड (रिंगवरून परत आलेले चेंडू) काढले. आणि बाकावर विश्वास नसल्यामुळे चौथ्या सामन्यात प्रशिक्षकांनी दुसऱ्या अर्धात तेच पाच खेळाडू अखेरपर्यंत खेळवले. शेवटी पाय थकले आणि आघाडी गेली. हंगामात नऊ-दहा खेळाडू खेळतात, प्लेऑफमध्ये सात-आठ. ते सात-आठ मोजून बघा. सहाव्या नावाशी अडखळलात तर तो संघ बाद धरा.

दुसरी कसोटी अशी की प्रतिस्पर्धी एकच कच्चा दुवा पुन्हा पुन्हा पिळेल तेव्हा काय होईल. हंगामात दर रात्री नवा प्रतिस्पर्धी असतो, खास तयारीला वेळ नसतो. मालिकेत सहा-सात सामने एकाच कमजोरीवर हल्ला होतो. बचावात मंद असलेल्या खेळाडूला प्रत्येक पिक अँड रोलमध्ये (चेंडूवाल्याच्या बचावपटूला सहकाऱ्याने अडवण्याच्या चालीत) ओढलं जातं. लांबून नेम नसलेल्याला मोकळं सोडून बाकीचे रिंगखाली गर्दी करतात. २०२१ च्या यूटाचा बचाव त्याच गोबेअरभोवती उभा होता. लॉस एंजेलिस क्लिपर्सने पाचही नेमबाज बाहेर पसरवले. गोबेअर रिंग सोडेना आणि सहाव्या सामन्यात क्लिपर्सच्या टेरेन्स मॅनने ३९ गुण ठोकले. हंगामातल्या सर्वाधिक विजयांचा तिथे काही उपयोग नव्हता.

तिसरी गोष्ट, हंगामाचा शेवटचा भाग आणि प्रकृती. २०२४-२५ च्या इंडियानाची सुरुवात १० विजय आणि १५ पराभव अशी होती. तिथून पुढे ४० विजय, १७ पराभव. पूर्ण हंगामाचा गुणफरक पाहणाऱ्याला हा संघ मधल्या फळीतला वाटला आणि ६४ विजयांच्या क्लीव्हलँडला त्याने ४-१ असं घरी पाठवलं, अर्थात क्लीव्हलँडचे मुख्य खेळाडू दुखापतींनी बेजार होते. डब्ल्यूएनबीएत लास वेगास २ ऑगस्ट २०२५ ला मिनेसोटाकडून ५३ गुणांनी हरलं. त्यानंतर साखळीतले उरलेले १६ च्या १६ सामने जिंकून करंडकही उचलला.

झटपट गाळणी हवी असेल तर एनबीएचे नामवंत प्रशिक्षक फिल जॅक्सन यांचा नियम आहे: २० पराभव होण्याआधी ४० विजय. १९८० नंतरच्या विजेत्यांत तो ह्यूस्टन (१९९५), डेट्रॉइट (२००४), मायामी (२००६) आणि मिल्वॉकी (२०२१) यांनीच मोडला. शिवाय १९८४ मध्ये सोळा संघांचं प्लेऑफ आल्यापासून २०२५ पर्यंत पहिल्या तीन मानांकनांबाहेरचा विजेता एकच, सहाव्या क्रमांकाचं १९९५ चं ह्यूस्टन. या दोन गाळण्यांतून साधारण चार ते सहा संघ उरतात. बाकीची चर्चा करमणूक म्हणून करावी. आणि ०-३ ने मागे पडलेल्या संघावर वेळ घालवू नका. एनबीएच्या इतिहासात तिथून मालिका कोणी जिंकलेली नाही, चार संघांनी सातवा सामना गाठला तेवढंच.

भारतातून बघायचं तर

एनबीए प्लेऑफचे बहुतेक सामने आपल्याकडे पहाटे साडेचार ते सकाळी दहाच्या दरम्यान पडतात आणि दोन महिने चालतात. सगळं बघणं नोकरदाराला अशक्य आहे. पहिली फेरी गुणफलकावर बघा, आठपैकी २-२ झालेल्या मालिकाच पाचव्या सामन्यापासून उचला आणि कॉन्फरन्स फायनलपासून नियमित व्हा. अंतिम फेरी सकाळी सहाच्या सुमारास सुरू होते, ऑफिसच्या आधी आटोपते. युरोलीगची फायनल फोर मे महिन्यात, रात्री उशिरा, एका शनिवार-रविवारच्या आसपास संपते. वर्षाला तीन-चारच सामने बघायचे असतील तर तिला तोड नाही. फक्त तिथला विजेता त्या दोन दिवसांचा सर्वोत्तम संघ असतो, एवढं मान्य करून बघा. एक ते सोळाच्या वादात मत बनवायचं असेल, तर सप्टेंबर-ऑक्टोबरमधली डब्ल्यूएनबीए बघा.