अर्जाच्या भाषांतरासाठी: अप्पा बळवंत चौकाजवळचं छोटं दुकान

विज्ञान आणि धर्म या विषयावरच्या पत्रकारिता फेलोशिपसाठी अर्ज करायचा होता. माझे लेख मराठीत, त्यांना हवे इंग्रजीतून. विषय पंचांगाचा. टिळक पंचांग राशिचक्राची सुरुवात रेवती ताऱ्यापासून मोजतं, बाकीची बहुतेक चित्रा पक्षाची, म्हणजे चित्रा ताऱ्याच्या आधारे ती ठरवणारी. दोन्हींत सुमारे 4 अंशांचा फरक. म्हणून टिळक पंचांगात मकरसंक्रांत 10 जानेवारीच्या आसपास येते, कधी अधिक महिनाही वेगळा पडतो. आकाश एकच, पण सण कधी करायचा हे घराघरात वेगळं ठरतं. मला लिहायचंय ते हेच.

भाषांतराला मजकूर दिला, तर दुकानातल्या ताईंनी दुसऱ्याच दिवशी फोन केला, "मॅडम, धर्मशास्त्रातला धर्म आणि अर्जातला 'रिलिजन' एकच का?" तासभर बसून आम्ही एकेक वाक्य पाहिलं. 'धर्म' त्यांनी तीन ठिकाणी तीन तऱ्हांनी लिहिला आणि तिन्ही बरोबर होते. एवढ्या आस्थेनं कुणी माझा मजकूर वाचल्याचं आठवत नाही.

एक तक्रार आहे. कात्रणांचं स्कॅनिंग तिरकं आलं, तारखा कापल्या गेल्या. परत जावं लागलं. पैसे मात्र पुन्हा घेतले नाहीत. संध्याकाळी पार्किंग मिळत नाही, सकाळीच जा.