मूल मांडीवर, मँडरिन कानावर : पालक-बालक वर्गाचे नऊ महिने

दीड ते तीन वर्षांची मुलं, प्रत्येकासोबत घरातलं एक मोठं माणूस, सतरंजीवर गोल, आठवड्यातून एकदा ४५ मिनिटं. एका वर्गात सहा ते आठ जोड्या. नऊ महिने म्हणजे साधारण ३६ आठवडे, म्हणजे २७ तास. सर्दी-ताप, सुट्ट्या, ऐनवेळी झोपलेलं मूल हे सगळं वजा केलं तर हातात २२-२३ तास उरतात. एका आठवड्यात १६८ तास असतात हे लक्षात घेतलं की हा वर्ग कशासाठी आहे ते कळतं. मुलाला मँडरिन, म्हणजे चीनची प्रमाण भाषा, शिकवणं वर्गाला जमणार नाही. मोठ्या माणसाच्या तोंडात आठवडाभर पुरेल एवढी भाषा घालून देणं त्याला जमतं, आणि चांगला वर्ग ते फार छान करतो. स्वतः विद्यार्थी व्हायची तयारी असेल तरच पैसे भरा. कोपऱ्यात फोन बघत बसायचं असेल तर सहा महिन्यांनी मुलाकडे दोन गाणी असतील, बाकी काही नाही.

वर्गाऐवजी व्हिडिओ का नाही, असं बरेच जण विचारतात. वॉशिंग्टन विद्यापीठातल्या पॅट्रिशिया कूल आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २००३ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग याच प्रश्नावर होता. इंग्रजी घरांतल्या नऊ महिन्यांच्या बाळांसोबत मँडरिन बोलणारी माणसं खेळली, पुस्तकं वाचली. १२ बैठका, प्रत्येकी सुमारे २५ मिनिटं. तेवढ्यावर बाळांना मँडरिनमधले दोन जवळचे ध्वनी वेगळे ऐकू यायला लागले. तोच मजकूर पडद्यावर किंवा नुसत्या आवाजात दिला, तेव्हा काहीच फरक पडला नाही. तेव्हा व्हिडिओ ठेवा, पण तुमच्या स्वतःच्या उच्चारांसाठी, मूल झोपल्यावर.

आता उच्चार. इथे मराठी माणसाला मोठी आयती मदत आहे आणि तो ती पिनयिनच्या पायी घालवून बसतो. पिनयिन म्हणजे १९५८ साली चीनने स्वीकारलेली रोमन लिपीतली लेखनपद्धत. तिच्यात 'बी' लिहिलेलं दिसलं की आपण ब म्हणतो, पण तो आहे प. 'पी' म्हणजे फ, तोही ओठ पूर्ण मिटून काढलेला. 'डी' म्हणजे त, 'टी' म्हणजे थ, 'जी' म्हणजे क, 'के' म्हणजे ख. अल्पप्राण-महाप्राण हा भेद आपल्या जिभेवर लहानपणापासून आहे. इंग्रजी बोलणाऱ्यांना त्यासाठी तोंडासमोर कागद धरून सराव करावा लागतो. आपल्याला फक्त रोमन अक्षरं बाजूला ठेवायची आहेत. मँडरिनमधले 'बाबा' कानाला 'पापा' ऐकू येतात, ते तसेच म्हणा.

दुसरी देणगी म्हणजे आपला दंत्य च. 'चाक' आणि 'चिमणी' यांतले च वेगळे आहेत हे मराठी मुलाला कुणी शिकवत नाही. मँडरिनलाही दोन्ही लागतात. 'पुन्हा' या अर्थाचा 'त्साइ' म्हणताना चाकातला च वापरा, ताईला 'च्ये-च्ये' म्हणताना चिमणीतला. याशिवाय जीभ मागे वळवून काढलेला तिसरा च आहे, तो नव्याने शिकावा लागतो. श चेही दोन प्रकार आहेत: एक 'शिडी'तला, जिभेचं टोक खालच्या दातांमागे ठेवून काढलेला, आणि दुसरा खराखुरा पोटफोड्या ष, जो आपण लिहितो पण बोलताना बहुतेक विसरलो आहोत. तो परत आणावा लागेल.

वळवलेला च सोडून आपल्याकडे नसलेल्या गोष्टी आणखी तीन. चाकातल्या च चा महाप्राण (पुढे तो 'त्स्ह' असा लिहिला आहे). ओठ ऊ चे आणि जीभ ई ची असा स्वर. आणि शब्दाच्या शेवटी नुसता ङ, मागे ग न लावता. शेवटची चूक वर्गात जवळजवळ प्रत्येक मोठं माणूस करतं. मुलं करत नाहीत.

घरी टिपणं देवनागरीतच काढा आणि प्रत्येक शब्दामागे सुराचा आकडा लिहा. सूर चार: १ उंच आणि सपाट, २ चढता, ३ खालचा, ४ वरून खाली पडणारा. याशिवाय एक हलका, बिनआकड्याचा. 'षू१' म्हणजे पुस्तक आणि 'षू४' म्हणजे झाड, हे दोन्ही मुलाच्या चित्रपुस्तकात हमखास असतात, त्यामुळे सुरांचं महत्त्व कळायला ही जोडी उत्तम. आपली खोड इथे दिसते: चित्रावर बोट ठेवून आपण लाडाने आवाज चढवत विचारतो, 'षू?' झाडाचा पडता सूर गेला आणि त्या जागी 'षू२' आलं, ज्याचा अर्थ पिकलेलं. प्रश्न विचारायचाच असेल तर शेवटी 'मा' लावा, 'षू४ मा?', आणि षू पडताच ठेवा. हा 'मा' अगदी आपल्या 'का' सारखा वाक्याच्या शेवटी बसतो. 'ता१ लाइ२ मा?' म्हणजे 'तो येतोय का?', शब्दांचा क्रमसुद्धा तोच.

तिसरा सूर बहुतेक तक्त्यांवर खाली जाऊन वर येणारा दाखवतात. एकटा शब्द म्हणताना तो तसा येतो. बोलण्याच्या ओघात तो नुसता खाली राहतो, आणि दोन तिसरे सूर पाठोपाठ आले की पहिला बदलून दुसरा होतो. हा नियम शिक्षिकेने पहिल्या महिन्यात सांगायला हवा होता, तो चौथ्या महिन्यात आला. तोवर सगळे पालक 'केइ३ वो३' (दे मला) दोनदा खड्ड्यात जाऊन म्हणत होते, मुलं मात्र शिक्षिकेचं ऐकून सरळ 'केइ२ वो३' म्हणत होती. मूल आणि तुम्ही वेगवेगळं म्हणत असाल तर आधी स्वतःवर शंका घ्या.

गाण्यांबद्दल एक इशारा. चालीत शब्दाचा सूर बुडतो, कारण स्वर वर न्यायचा की खाली हे चाल ठरवते. गाण्यातून शब्द आणि अर्थ येतात, सूर येत नाहीत. टाळ्या वाजवत, चाल न लावता म्हटलेली बडबडगीतं सुरांसाठी कितीतरी चांगली. वर्गाच्या ४५ मिनिटांत त्यांना किमान दहा मिनिटं असावीत. इथे गाणी तीन आणि बडबडगीत एकच होतं, हे प्रमाण उलटं हवं.

घरी काय करायचं? एक प्रसंग निवडा आणि तो पूर्णपणे मँडरिनमध्ये करा. हात धुणं सगळ्यात सोयीचं: दिवसातून सहा वेळा होतं, मिनिटभरात संपतं, क्रम कधी बदलत नाही. 'लाइ२', ये. 'शी३ षोउ३', हात धुवायचे. दोन तिसरे सूर, म्हणून तोंडाने 'शी२ षोउ३'. नळ उघडताना 'खाइ१ षुइ३ लोङ२ थोउ२'. इथे शब्दकोशातून 'उघड' आणि 'पाणी' जोडून 'खाइ षुइ' म्हणू नका, त्याचा अर्थ उकळलेलं पाणी होतो. पुढची तीन क्रियापदं एकाच साच्यात बसतात, मध्ये हलका 'यी' घालून: चोळताना 'त्स्हुओ१ यी त्स्हुओ१', पाण्याखाली धरताना जीभ वळवलेल्या छ ने 'छोङ१ यी छोङ१', पुसताना 'त्स्हा१ यी त्स्हा१'. आपण 'चोळ जरा, पूस जरा' म्हणतो तोच भाव. शेवटी 'हाओ३ ल', झालं. आठवड्यात हे बेचाळीस वेळा होतं. वर्गात ते एकदा होतं. मराठी घरातल्या मुलाला 'शी' ऐकून पहिले काही दिवस भलतंच वाटतं, कारण तो शब्द त्याच्याकडे आधीच आहे. नळापाशी उभं राहून, त्याचे हात हातात धरूनच म्हणा. चार-पाच दिवसांत गोंधळ मिटतो. एक प्रसंग अंगवळणी पडायला तीन आठवडे धरा, मगच दुसरा घ्या. बूट घालणं पुढचं चांगलं, पण तिथे लक्षात ठेवा: कपडे आणि बूट यांना 'छ्वान१', टोपी आणि चष्म्याला 'ताइ४'. मराठीत आपण दोन्हीला 'घालणं' म्हणतो, म्हणून चूक होते.

भाषांतर करू नका. 'चेंडू म्हणजे छ्योउ२' असं म्हटलं की मूल पहिला शब्द पकडतं आणि दुसरा सोडून देतं. चेंडू दाखवा, फेका, 'छ्योउ२' म्हणा, बस्स. वर्गात हीच मोठी तक्रार राहिली. शिक्षिका प्रत्येक सूचना मँडरिननंतर लगेच इंग्रजीत देत असे, आणि मुलं इंग्रजीची वाट बघत थांबायची. विनंती केल्यावर इंग्रजी भाग शेवटच्या पाच मिनिटांत, फक्त पालकांसाठी, असा ठेवला गेला. दोन आठवड्यांत मुलं मँडरिनवर हलू लागली.

अपेक्षा कशी ठेवायची? पहिले सहा-आठ आठवडे मूल बहुतेक गप्प असतं. बोलण्याकडे न बघता शरीराकडे बघा: 'शी षोउ' ऐकून बाही वर करतंय का, 'लाइ' म्हटल्यावर वळतंय का. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात सुटे शब्द येतात. सगळ्यात आधी बहुधा 'पू२ याओ४', आणि त्यात नवल नाही, कारण तो आपला 'नको' आहे: 'मला नको' सुद्धा आणि 'करू नको' सुद्धा. पाठोपाठ 'पाओ४ पाओ', म्हणजे घे मला. नवव्या महिन्यापर्यंत दोन शब्दांची जोडणी दिसू लागते. ष चा स आणि वळवलेल्या च चा चाकातला च होत राहील. चिनी घरांतली मुलंही हे ध्वनी उशिरा पक्के करतात, तेव्हा दुरुस्त करत बसू नका. सूर मात्र मुलांना ध्वनींच्या आधी जमतात. मुलाचं बोलणं मोजताना सगळ्या भाषांतले शब्द एकत्र मोजा. एकूणच कमी वाटले तर डॉक्टरांना दाखवा. दोन भाषा कानावर पडल्याने वाचादोष होत नाही, त्यामुळे वर्ग बंद करणं हा त्यावरचा उपाय नाही.

चित्रकार्डांवर फार वेळ जातो. एका वेळी बारा-चौदा कार्डं दाखवली की मूल त्यांच्याकडे पत्ते म्हणून बघतं. आठवड्याला पाच-सहा नवीन शब्द आणि त्या खऱ्या वस्तू टोपलीत, एवढं पुरतं. लिपी या वयात नको. पुस्तकं विकत घेण्याआधी एवढंच विचारून घ्या की वर्ग चीन-सिंगापूरची सोपी अक्षरं वापरतो की तैवानची पारंपरिक.

नाव घालण्यापूर्वी तीन गोष्टी विचारा. प्रत्येक आठवड्याची वाक्यं शिक्षिकेच्या आवाजात, हळू आणि नेहमीच्या गतीने, अशी दोनदा ध्वनिमुद्रित करून मिळतात का? एकच धडा किती आठवडे चालतो? (चारपेक्षा कमी असेल तर घाई आहे.) आणि वर्गाची वेळ काय? झोपेआधीच्या तासात ठेवलेला वर्ग कितीही चांगला असला तरी मुलासाठी वाया जातो. झोपून उठल्यावर अर्ध्या-पाऊण तासाने सुरू होणारी तुकडी मिळत असेल तर तीच घ्या, मग शिक्षिका दुसरी असली तरी चालेल.